ऑटोमॅटिक गाडीत 'पी' टाकल्यावर हँडब्रेक लावायचा की नाही?

तापीकाठ
मंडळी, सतरा वर्षं मॅन्युअल गाडी चालवली. रोजचं भुसावळ-जळगाव, पुढे ट्रक, मागे ट्रक, डावा पाय क्लचवरून उठतच नव्हता. शेवटी गुडघा बोलायला लागला म्हणून दिवाळीआधी ऑटोमॅटिक घेतली. टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, लिव्हरवर पी-आर-एन-डी, म्हणजे पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह.

गेल्या रविवारी घरच्यांना घेऊन तोरणमाळला गेलो. शहाद्याकडून घाट चढून वर यशवंत तलावाजवळ गाडी लावली. जागा उताराची, तोंड खाली. 'पी' टाकला, ब्रेकवरून पाय काढला, गाडी वीतभर पुढे सरकली आणि अडली. मला वाटलं, झालं काम. दोन तासांनी निघताना 'पी'मधून 'आर'ला आणायला लिव्हर ओढला तर तो जड, आणि सुटला तेव्हा खालून 'खाड्' असा आवाज. सगळी गाडी हादरली. मागून आई म्हणाली, "काय तुटलं रे?"

काही तुटलेलं दिसत नाही, गाडी नीट चालते. पण तो आवाज डोक्यातून जात नाही. माझा शालक पुण्यात असतो, त्याच्याकडे चार वर्षांपासून ऑटोमॅटिक आहे. तो म्हणतो हँडब्रेकला हातही लावत नाही, 'पी' आहे कशाला मग? गाडी ताब्यात देणाऱ्या मुलानेही हेच सांगितलं होतं, "सर, पी टाका आणि उतरा." माझे वडील एसटीत चालक होते. ते घरची गाडी सपाट अंगणात लावली तरी हँडब्रेक ओढायचे आणि ओढल्यावर परत एकदा हाताने तपासायचे. मला त्यांचं ऐकावंसं वाटतंय, पण कारण समजून घ्यायचं आहे.

सपाटीवरही हँडब्रेक लावायचा का? आधी 'पी' की आधी हँडब्रेक? आणि पावसाळ्यात हँडब्रेक चिकटतो म्हणतात, ते खरं आहे का?

पांझराकाठ
सपाटीवर 'पी' पुरेसा आहे. पाच वर्षं झाली, धुळ्यात देवपूर ते पारोळा रोड रोज फिरतो, हँडब्रेक फार तर दहा वेळा ओढला असेल. गाडी एक इंच हललेली नाही. उगाच घाबरू नका.

मेहरूणची_बोरं
मी दोन्ही लावते. कारण माहीत नव्हतं, शिकवणाऱ्याने सांगितलं म्हणून. वाचत आहे.

पाना_नंबर_तेरा
तापीकाठ दादा, माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं याच कामात गेली. सविस्तर सांगतो, कारण 'पी' म्हणजे नक्की काय हे गाडी विकणारे सांगत नाहीत.

'पी' हा ब्रेक नाही. ती कडी आहे. गिअरबॉक्समधून चाकांकडे जो शाफ्ट जातो त्यावर एक दातेरी चक्र असतं. लिव्हर 'पी'वर नेला की लोखंडाचा एक छोटा खटका, साधारण बोटाएवढा, त्या चक्राच्या दोन दातांमध्ये पडतो. शाफ्ट अडला म्हणजे चाकं अडली. तुमची गाडी वीतभर सरकली ती यामुळेच. खटका दातावर टेकला होता, खाचेत पडला नव्हता. गाडी सरकली, दात पुढे गेला, खटका खाचेत पडला आणि तिथे सगळी गाडी त्यावर लटकली.

आता वजन मोजा. तुमची गाडी, पाच माणसं, डबे, पाण्याचा जार. दीड टनाच्या आसपास. उतारावर त्यातला जेवढा भाग खाली ओढतो, तो सगळा त्या बोटाएवढ्या खटक्यावर. निघताना तुम्ही त्याला दाबाखालून उपसून काढला. दाराला आतून कोणी टेकून बसलेलं असताना कडी काढायला जो जोर लागतो, तोच हा जोर. म्हणून लिव्हर जड आणि म्हणून 'खाड्'.

एकदा झाल्याने तुटत नाही, निश्चिंत राहा. खटका मजबूत असतो. पण रोज उताराच्या घरी असं करत राहिलात तर खटका, दात आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग या सगळ्यांना मार बसतो. आणि बाजारात उभ्या गाडीला मागून टेम्पोने धक्का दिला तर तो धक्काही थेट खटक्यावर. हँडब्रेकची केबल बदलायचा खर्च आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायचा खर्च यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

क्रम असा ठेवा. गाडी थांबवा, उजवा पाय ब्रेकवर घट्ट. लिव्हर 'एन'ला. हँडब्रेक पूर्ण ओढा. आता पाय हळूच सैल करा, गाडीला हँडब्रेकवर बसू द्या. किंचित हलेल, हलू दे. मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी', आणि इंजिन बंद. निघताना उलटं. ब्रेकवर पाय, इंजिन चालू, 'पी'मधून 'डी' किंवा 'आर', आणि सगळ्यात शेवटी हँडब्रेक खाली. वजन हँडब्रेकवर असेल तर खटका लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो.

तापीकाठ
पाना भाऊ, मनापासून आभार. म्हणजे मी दोन तास अख्खी गाडी कडीवर टांगून ठेवली होती. वडील दोनदा का तपासायचे ते आज कळलं.

गिरणाथडी
पाना भाऊंच्या क्रमाला अनुमोदन. एक भर घालतो. आम्ही चाळीसगावचे, कन्नड घाट हा आमचा नेहमीचा. घाट बंद पडला की एकेका वळणावर अर्धा-अर्धा तास उभं राहावं लागतं. लोक काय करतात, 'डी'मध्येच ठेवून ब्रेकवर पाय, आणि पाय दुखला की थेट 'पी'. चढावर तोंड करून 'पी' टाकला की गाडी मागे बसते आणि तोच खडखडाट. पुढचा ट्रक चार हात सरकला की परत 'डी', परत 'पी'. एका जॅममध्ये वीस वेळा.

तिथे फक्त हँडब्रेक आणि 'एन'. पायाला आराम, गिअरबॉक्सलाही आराम. आणि त्या 'हिल होल्ड'वर विसंबून राहू नका. ते दोन-तीन सेकंदच धरतं, ब्रेकवरून पाय ॲक्सिलरेटरवर नेण्यापुरतं. माझ्या पुढच्या एका गाडीवाल्याला वाटलं ते कायमचं धरून ठेवतं. तो पाणी प्यायला बाटली उघडत होता आणि गाडी माझ्या बंपरवर आली. दोघंही खाली उतरलो, बंपर बघितला, चहा प्यायलो.

पांझराकाठ
घाटाचं मान्य. माझा मुद्दा सपाटीचा आहे आणि त्यामागे अनुभव आहे. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मुलीच्या ॲडमिशनसाठी अठरा दिवस बाहेर होतो. गाडी धुऊन, हँडब्रेक घट्ट ओढून झाडाखाली लावून गेलो. परत आलो तर मागची चाकं जाम. 'आर' टाकला तर गाडी मागून बसायची, हलायची नाही. मेकॅनिकने ड्रमवर हातोडी मारून सोडवलं. त्या दिवसापासून मी हँडब्रेक सोडला. 'पी' कधी गंजून चिकटत नाही.

पाना_नंबर_तेरा
पांझराकाठ साहेब, तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. ड्रममध्ये पाणी राहिलं, त्यावर ब्रेक शू दाबून ठेवले आणि दोन आठवडे गाडी हलली नाही, की गंज धरतो आणि शू ड्रमला चिकटतात. पण त्यावर उपाय हँडब्रेक सोडून देणं हा नाही.

गाडी धुतल्यावर किंवा नाल्याच्या पाण्यातून आणल्यावर लगेच हँडब्रेक ओढून ठेवू नका. दोन-तीनशे मीटर चालवा, हलका ब्रेक दाबत या, ड्रम कोरडे होतात. पंधरा-वीस दिवस गाडी उभी राहणार असेल तर सपाट जागा बघा, 'पी' टाका, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा. ही एवढी एकच वेळ हँडब्रेक न लावायची. रोजच्या रात्रभराच्या पार्किंगला काही चिकटत नाही.

आणि एक. तुम्ही तीन वर्षं हँडब्रेक वापरलाच नाही म्हणता, तर तो आज लागतो का ते तपासा. केबल न वापरल्याने आतल्या आत गंजते. ज्या दिवशी खरंच लागेल त्या दिवशी हातात नुसता दांडा येईल. ही गोष्ट मी गॅरेजमध्ये महिन्यातून एकदा तरी बघतो आणि दरवेळी वाईट वाटतं.

व्हॉट्सॲपवर 'थंडीत हँडब्रेक गोठतो, लावू नका' असं फिरतं. ते बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी आहे. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आपल्याकडे केबल गोठत नाही.

कळण्याची_भाकरी
सगळे 'पी' 'पी' म्हणत आहात, माझ्या गाडीत 'पी'च नाही! आर-एन-डी एवढंच आहे. तरी ती ऑटोमॅटिक म्हणूनच घेतली. मी अमळनेरला शिक्षिका आहे. मागच्या वर्षी जे घडलं ते इथे लिहायचं ठरवते, कोणाला तरी उपयोग होईल.

शाळेतून आले, घरासमोर गाडी लावली. आमच्या गल्लीला डोळ्यांना दिसणारही नाही इतका उतार आहे, पावसाचं पाणी वाहून जाईल एवढाच. 'एन' टाकला, इंजिन बंद केलं, वह्यांचा गठ्ठा घेऊन उतरले. हँडब्रेक ओढायचा राहिला. दार लावून दोन पावलं गेले आणि गाडी चालायला लागली. अगदी हळू. आवाज नाही, काही नाही. समोरच्या ओट्यावर शेजारच्या वहिनी भरताची वांगी भाजत होत्या आणि त्यांचा चार वर्षांचा नातू खाली मातीत खेळत होता. मी ओरडले. वहिनींनी त्याला दंडाला धरून वर ओढलं. गाडी ओट्याला टेकून थांबली. बाळाला काही झालं नाही. ओट्याची एक फरशी फुटली, ती आम्ही बसवून दिली. वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट पाणी दिलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता मी उतरण्याआधी हँडब्रेककडे बोट दाखवून 'लावला' असं मोठ्याने म्हणते. माझी मुलगी मागे बसली असेल तर तीही म्हणते.

मेहरूणची_बोरं
ताई, अंगावर काटा आला. बाळ सुखरूप आहे हे वाचून जीवात जीव आला. लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

पाना_नंबर_तेरा
कळण्याची भाकरी ताई, तुमची गाडी एएमटी आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर ही पद्धत आली आणि आता छोट्या गाड्यांत सर्रास आहे. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. म्हणून बहुतेक एएमटीत 'पी'चा खटका नसतो. हे घेणाऱ्याला समजावून सांगणं विकणाऱ्याचं कामच आहे, पण कित्येक जण सांगत नाहीत.

एएमटीत 'एन' टाकून इंजिन बंद केलं म्हणजे गाडीला अडवणारं जगात काही नाही. हँडब्रेक हा तिथे एकुलता एक आधार. तो आधी, मग बाकी सगळं. उतारावर हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून 'डी' किंवा 'आर'मध्ये इंजिन बंद केलं तर गिअर अडकून राहतो आणि इंजिनाच्या कॉम्प्रेशनचा जोड आधार मिळतो, मॅन्युअल गाडी गिअरमध्ये लावतो तसाच. पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पार्किंगचं पान आहे ते एकदा वाचा, कंपनीगणिक थोडा फरक असतो. नुसत्या गिअरवरही सोडू नका, कॉम्प्रेशन हळूहळू ढिलं पडतं आणि गाडी इंच-इंच सरकू शकते.

भरीतप्रेमी
गंभीर धागा आहे, तरी विचारतो. वांगी बामणोदची होती का? हिवाळा आहे, वाचूनच भूक लागली.

कळण्याची_भाकरी
हो, बामणोदचीच! तुराट्यांवर भाजली होती. त्याच संध्याकाळी वहिनींनी भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली आमच्याकडे. माझ्या आयडीचं नाव तेव्हाच ठरलं.

काळा_कोट
वकिली करतो, म्हणून कायद्याचं सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १२६. सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची असेल तर एक तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. कायद्यात मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद नाही. 'पी' ही 'दुसरी तजवीज' आहे असा युक्तिवाद करता येईल, पण ब्रेक लावलेला असेल तर युक्तिवादाची वेळच येत नाही. शिक्षिका ताईंच्या बाबतीत फरशीवर निभावलं, हे त्यांचं आणि त्या कुटुंबाचं भाग्य.

केळीचा_घड
रावेरचा आहे. 'पी'वर विश्वास ठेवून माझं मरण थोडक्यात टळलं, ते सांगतो.

सावद्याजवळ पुढचं डावं चाक पंक्चर झालं. रस्त्याच्या कडेला एक भाग उंच, एक खोल. 'पी' टाकला, हँडब्रेक नाही. मनात हेच की 'पी'ने चाकं लॉक आहेत. जॅक लावला, चाक जमिनीवरून उचललं आणि गाडी पुढे निघाली. जॅक आडवा पडला. मी बाजूला बसलो होतो म्हणून हात वाचला, खाली हात असता तर काय झालं असतं बोलवत नाही. बागेत घड काढणारी पोरं धावत आली, त्यांनी पुढून गाडी रेटून धरली.

आजपर्यंत समजलं नाही की 'पी' असताना गाडी चालली कशी. पाना भाऊ, सांगा.

पाना_नंबर_तेरा
केळीचा घड भाऊ, हात वाचला हे फार मोठं झालं. असं चाक बदलताना बोटं गेलेली माणसं मी बघितली आहेत.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. 'पी'चा खटका फक्त त्या दोन चाकांना अडवतो, मागची चाकं पूर्ण मोकळी असतात. आणि त्या दोन चाकांच्या मधे असतो डिफरन्शियल. त्याचं कामच आहे एका चाकाला दुसऱ्यापेक्षा वेगळं फिरू देणं. खटक्याने मुख्य शाफ्ट अडवला तरी डावं चाक हवेत असलं की ते उलटं फिरतं आणि उजवं सुलटं फिरतं. दोन्ही एकमेकांना मोकळीक देतात. म्हणजे पुढचं एक चाक उचललं की 'पी' असून नसल्यासारखा.

हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र धरतो, डिफरन्शियलचा संबंध नाही. म्हणून पुढचं चाक बदलताना हँडब्रेकच गाडी धरतो. मागचं बदलताना 'पी' पुढची दोन धरतो आणि हँडब्रेक मागचं उरलेलं एक. दोन्ही लावा आणि तरीही तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक.

पांझराकाठ साहेब, सपाटीवर 'पी' पुरतो हे तुमचं म्हणणं इथे तुटतं. पंक्चर सपाटीवरही होतं.

पांझराकाठ
हे माहीत नव्हतं. मान्य करतो. उद्या सकाळी पहिलं काम हँडब्रेक ओढून बघण्याचं.

सातपुड्याचा_वारा
मी सत्तरी ओलांडलेला माणूस, शिरपूर तालुक्यातला. गाडी चालवणं डोळ्यांमुळे सोडलं, पण धागा पूर्ण वाचला. आमचा आजा कपाशीची भरलेली बैलगाडी घेऊन जीनला जायचा. वाटेत चढ. मधे थांबायचं झालं तर माझं काम एकच, उडी मारून चाकाखाली दगड सरकवणं. तो अहिराणीत सांगायचा, "पहिले दगड लाव, मंग बैल सोड." एकदा मी उलटं केलं. बैल सुटले, जू खाली आलं आणि गाडी चाळीस पावलं मागे गेली. कपाशी रस्ताभर. आजाने मारलं नाही, संध्याकाळपर्यंत कपाशी वेचायला लावली.

पाना भाऊ सांगतात तो क्रम आणि आजाचा क्रम एकच आहे. दगड म्हणजे हँडब्रेक. आधी तो, मग बाकीचं सोडायचं.

तापीकाठ
बाबा, नमस्कार. तुमच्या आजोबांचं वाक्य मुलाला पाठ करायला दिलं.

मेहरूणची_बोरं
बाबांच्या आजोबांनी दोन शब्दांत सगळं सांगितलं.

मला एक वेगळी काळजी मांडायची आहे, आपल्या खानदेशच्या उन्हाची. एप्रिल-मेमध्ये जळगावात दुपारी कोणी एसी बंद करत नाही. रसवंतीसमोर गाडी थांबते, इंजिन चालू, एसी चालू, मागे मुलं आणि आजी. चालवणारा 'पी' टाकून, कधी घाईत 'एन'मध्येच, रस आणायला उतरतो. इंजिन बंद केलं तर निदान थांबल्याची जाणीव असते. चालू असताना ती नसते. मागच्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर एका गाडीत मागून पुढे आलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाने लिव्हर धरून हलवला. ब्रेक दाबल्याशिवाय 'पी'मधून लिव्हर निघत नाही म्हणून काही झालं नाही. गाडी 'एन'ला असती तर?

पाना_नंबर_तेरा
ताई, हा धाग्यातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. इंजिन चालू असताना 'पी' नीट बसला नसेल, किंवा 'आर'वर राहिला असेल, तर गाडी नुसती घरंगळत नाही, स्वतःच्या ताकदीने चालते. हँडब्रेक घट्ट असेल तर ती दबते, ओढ घेते, आणि तेवढ्यात माणसाच्या लक्षात येतं. माझी हात जोडून विनंती, मुलं आत असताना इंजिन चालू ठेवून उतरूच नका. सगळ्यांनी मिळून उतरा, रस बाहेर सावलीत प्या. आणि इंजिन बंद करून मुलांना आत ठेवणं तर त्याहून वाईट, बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते.

नंदुरबार_ते_डेट्रॉइट
इथे अमेरिकेत बसून वाचतोय. पाना भाऊंच्या मुद्द्याला धरून एक घटना. जून २०१६, लॉस एंजेलिस. अँटन येल्चिन हा सत्तावीस वर्षांचा अभिनेता घराच्या उताराच्या रस्त्यावर गाडीतून उतरला. गाडी मागे आली आणि तो तिच्यात आणि फाटकाच्या खांबात सापडून गेला. त्या मॉडेलचा लिव्हर जॉयस्टिकसारखा होता, 'पी' निवडा की 'आर', सोडल्यावर मधेच परत यायचा. हाताला कळायचंच नाही कुठे आहे. लोक 'पी' पडला समजून उतरायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावण्याची घोषणा झाली होती.

मी नवापूरच्या बाजूचा, कोंडाईबारी घाटात गाडी शिकलो, मॅन्युअलवर. इथे माझ्या आजूबाजूचे बहुतेक लोक जन्मापासून ऑटोमॅटिकवर, हँडब्रेक ही वस्तू विसरलेले. मी मात्र दर वेळी ओढतो. ऑफिसमधल्यांना नवल वाटतं, मला नाही.

इलेक्ट्रॉनिक_गाडीवाला
माझ्या गाडीत हँडब्रेकचा दांडाच नाही, त्याजागी 'पी' अक्षराचं बटण आहे, बाजूला 'ऑटो होल्ड'. मी 'ऑटो होल्ड' लावून उतरतो. चालेल ना?

पाना_नंबर_तेरा
नाही, आजपासून बंद करा. 'ऑटो होल्ड' सिग्नलवर उभं राहण्यासाठी आहे, ते ब्रेक ऑइलच्या दाबावर चाकं धरतं. बऱ्याच गाड्या दार उघडलं किंवा बेल्ट काढला की आपोआप पार्किंग ब्रेक लावून घेतात, पण ते गाडीने केलेलं असतं, तुम्ही नाही. स्वतः बटण ओढा, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला का बघा, मोटरचा 'घूंऽ' आवाज येतो तो ऐका, मग 'पी', मग उतरा. बॅटरी पूर्ण उतरली तर हा ब्रेक सुटत नाही, तेव्हा गाडी ओढत नेऊ नका, आधी बॅटरीला जोडणी द्या.

मागे डिस्क ब्रेक असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. घाट उतरून आल्या आल्या डिस्क तापलेली असते. तेव्हा दांडा ओढला की घट्ट वाटतो, थंड झाल्यावर डिस्क आकसते आणि पकड थोडी सैल पडते. म्हणून हँडब्रेकबरोबर 'पी'ही हवाच. एकट्या कडीवर नको आणि एकट्या ब्रेकवरही नको.

पांझराकाठ
कळवतो. सकाळी गल्लीत हँडब्रेक पूर्ण ओढून 'डी'ला हलकंच ब्रेकवरून पाय उचलला. गाडी अशी चालली की जणू ब्रेकच नाही. दांडा पार वरपर्यंत येत होता. तीन वर्षं हे माझ्या घरात होतं आणि रोज मुलीला मी याच गाडीतून सोडत होतो. दुपारीच केबल बदलून घेतली. आता दांडा ओढताना सहाव्या 'टक' आवाजाला धरतो.

गिरणाथडी
पांझराकाठ, हे लिहिलंत म्हणून मीही आज माझा तपासणार.

तापीकाठ
आज रविवार, म्हणून प्रयोग करून आलो. मुद्दाम आईला बरोबर घेतलं, कारण तो आवाज तिने ऐकला होता. पाटणादेवीला गेलो होतो, तिथे वाटेत एक बरा उतार मिळाला. पहिल्यांदा पाना भाऊंच्या क्रमाने: 'एन', हँडब्रेक, पाय सैल. गाडी दोन बोटं हलली आणि बसली. मग 'पी'. दहा मिनिटं थांबलो. निघताना 'आर', मग हँडब्रेक. काहीही आवाज नाही, लिव्हर एका बोटाने आला. दुसऱ्यांदा मुद्दाम हँडब्रेक आधी सोडला आणि 'पी' शेवटी काढला, म्हणजे क्रम चुकवून. पुन्हा तेच, 'खाड्'. आई लगेच म्हणाली, "हाच तो." म्हणजे लावताना क्रम बरोबर असला तरी निघताना चुकला तर फायदा नाही, हे स्वतः बघितलं.

शालकाला फोन करून सगळं सांगितलं. तो अजून पूर्ण पटला नाही म्हणतो. त्याची सोसायटी बेसमेंटला आहे, रॅम्पवर बाकी तो आता लावणार आहे.

वडिलांच्या वेळची लाकडी पाचर माळ्यावर सापडली, एका बाजूला टायरच्या खुणा आहेत. धुऊन डिकीत ठेवली. पाना भाऊ, एकच विचारायचं राहिलं. माझा हँडब्रेक आठव्या टकला धरतो. जास्त आहे का?

पाना_नंबर_तेरा
पुस्तिकेत तुमच्या मॉडेलचा आकडा दिलेला असतो, तो बघा. सहा-सातच्या पुढे असेल तर मी तरी ताणून घेईन, अर्ध्या तासाचं काम आहे. मागचे शू किती उरलेत तेही त्याच वेळी बघून घ्या. आणि पाचर टाकू नका, चांगल्या लाकडाची दिसते.